तेवीस छत्र्यांखालची शेवंती

छत्रीवालीला कुणी वय विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "काड्या सगळ्या जागेवर आहेत, कापड तेवढं विरलंय." गिऱ्हाईक हसायचं आणि हसण्याच्या नादात आपली छत्री कधी मिळणार हे विचारायचं विसरून निघून जायचं. बाईला तेच तर हवं असायचं.

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढच्या खोलीत तिचं दुकान. शिलाई मशीन, दोन पकडी, तारेची वेटोळी, जुन्या मुठींनी भरलेलं एक पिंप, आणि भिंतीवर खिळ्याखिळ्याला टांगलेल्या छत्र्या. लोक दुरुस्तीला म्हणून टाकतात आणि पाऊस संपला की विसरतात. काही छत्र्या तर इतकी वर्षं लटकत होत्या की तिने त्यांना नावं ठेवली होती. एकीला ती 'थोरली जाऊ' म्हणायची, कारण ती उघडायला त्रास द्यायची आणि मिटायला त्याहून जास्त.

मधल्या खोलीत पलंग, तिसऱ्या खोलीत स्वयंपाक, आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं की मागचं अंगण. अंगण म्हणजे काय, बारा पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, टोकाला विटांची उंच भिंत, कोपऱ्यात पाण्याची सिमेंटची टाकी. पण एवढ्याशा जागेत तिने अख्खं वर्ष कोंबलं होतं. उन्हाळ्यात झिनिया आणि सूर्यफुलं, पावसात तेरडा आणि गुलबक्षी, थंडीत शेवंती. एक उतरायला लागलं की दुसऱ्याची रोपं कंबर कसून तयार. बिया ठेवायला छत्रीच्या उरलेल्या कापडाच्या पुरचुंड्या, सगळ्या काळ्याकुट्ट. कुठल्या पुरचुंडीत काय आहे हे फक्त तिच्या बोटांना माहीत. दिवसभर डोळ्यांपुढे काळं कापड ताणून बसणारी बाई, तिला संध्याकाळी दार उघडल्यावर रंग लागायचाच. अंगण एक दिवस जरी बिनरंगाचं राहिलं तरी तिचं डोकं दुखायचं.

तिचा नवरा बोगदे खणायचा. कुठे रस्त्यासाठी, कुठे रेल्वेसाठी, कुठे नुसतं पाणी न्यायला. पाऊस लागला की बोगद्यात पाणी भरायचं, काम बंद पडायचं आणि हा घरी यायचा. पाऊस उघडला की वळकटी बांधून चालता व्हायचा. तीस वर्षं हेच. त्यामुळे झालं असं, की बायकोच्या बागेतला त्याने फक्त तेरडा बघितला. चिखल, शेवाळ, आणि गुलाबी तेरडा. शेवंती त्याने नुसती ऐकली. आधी पत्रातून, मग फोनवर.

"आज तांबडी उघडली हो," ती ओरडायची, कारण तिकडे नेहमी कसली तरी यंत्रं चालू असायची. "विटेसारखी तांबडी. आणि पिवळी तर अशी भरलीय की पानच दिसत नाही!"

"थापा," तो तिकडून म्हणायचा. "तुझ्या अंगणात तेरड्याशिवाय काही उगवत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय."

अशी त्यांची तीस वर्षांची थट्टा.

एकदा तिने फोनवर फोटो काढून ठेवला होता, पावसाळ्यात तो आला की दाखवायला. फोन असला दरिद्री, की त्याने चष्मा लावून, काढून, परत लावून बघितलं आणि विचारलं, "हे कोबीचे गड्डे कुणाच्या शेतातले?"

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा एका बोगद्याचं छत खाली बसलं. हा आणि आणखी तिघं आत अडकले. दीड दिवस. चौघं आत होते, तिघं बाहेर आले. तेव्हापासून त्याला अंधार सोसायचा नाही. बरं, उशाशी दिवा लावून भागायचं नाही. "जवळचा दिवा आमच्या टोपीवर पण होता," तो म्हणायचा. "उजेड लांब दिसला पाहिजे. तोंडाशी." म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी. म्हणून तो घरी आला की ती मागच्या विटांच्या भिंतीवर मोठा दिवा लावायची. मधल्या खोलीत पलंगावर पडून, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून, अंगणाच्या पार टोकाला तो दिवा दिसायचा. तो दिसत असला की हा झोपायचा. पाऊस संपून तो कामावर गेला की ती शिडी लावून दिवा उतरवायची आणि पुढच्या वर्षीसाठी कागदात गुंडाळून ठेवायची.

या वर्षी तो आला तो परत जाण्यासाठी नाहीच. खोकला आधी नव्हता असं नाही, पण आता चार पावलं चालला की भिंत धरायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला. आत सगळीकडे पांढरे ठिपके. "दगडाची पूड," डॉक्टर म्हणाले. "तीस वर्षांची." मग तिला बाहेर बोलावून म्हणाले, "थंडी निघाली तर खूप झालं."

ती आत आली तेव्हा तो सदऱ्याची बटणं लावत होता. बटणं लावून दमला होता. म्हणाला, "काय सांगितलं ते नको सांगूस, मला कळलंय. आमच्या टोळीतले नऊ जण याच पुडीने गेले. एक बरं झालं बघ. या वर्षी तुझी शेवंती बघून टाकतो. तेवढी एक दाखव. खरी आहे का थाप आहे, कळून जाईल."

त्याने मागितलं ते एवढंच.

मग बाईने काय कंबर बांधली म्हणता! जुन्या खुंटांचे फुटवे काढले, नर्सरीतून नवे रंग आणले. तांबडी, पिवळी, पांढरी, एक गर्द जांभळी. चोवीस रोपं. त्यातलं एक इतकं मरतुकडं निघालं की तिने ते उपटून, फुटक्या कुंडीत खोचून टाकीमागे भिरकावलं. "मर नाहीतर जग," म्हणाली आणि विसरली. उरलेली तेवीस तिने पोटच्या पोरांसारखी वाढवली. शेंडे खुडले, काड्या रोवल्या, छत्रीच्या काठाच्या चिंध्यांनी रोपं बांधली. दाराशी खुर्ची टाकून नवऱ्याला बसवायची आणि हाताने दाखवायची, "इथे पिवळी रांग, तिच्यामागे तांबडी, आणि कडेला पांढरी, म्हणजे बाकीचे रंग उठून दिसतील."

"सध्या सगळी हिरवीच दिसतायत," तो म्हणायचा.

"थांबा की जरा. पाऊस संपू दे."

पाऊस संपला. हवेत गारवा आला. रोपं गुडघ्याच्या वर गेली, मांडीला लागली. काळीभोर पानं, बोटाएवढे जाड दांडे. कळी एक नाही. दरवर्षी या दिवसांत शेंड्याशेंड्याला मिऱ्याएवढ्या कळ्या धरलेल्या असायच्या. ती रोज सकाळी चष्मा लावून एकेक शेंडा उलगडून बघायची. पानात पान, त्याच्या आत आणखी एक पान. तिने खत घातलं. मग वाटलं खत जास्त झालं, म्हणून वरची माती काढून नवी घातली. पाणी तोडलं. पाणी वाढवलं. रोपांना शिव्या घातल्या, आणि शेजारीण ऐकत नाही असं बघून एकदा हातही जोडले.

एक दिवस नणंद आली. ही बाई दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला बाहेर काढते, पण जीभ आत आणते. अंगण बघून म्हणाली, "वहिनी, हे काय? पालेभाजी लावलीयस का?"

"शेवंती आहे, वन्सं."

"शेवंती अशी असते? आमच्या फाटकाशी केव्हाच कळ्या आल्यात. दादा, तू रे काय बघत बसतोस इथे?"

"शेवंती बघतोय," खुर्चीतून तो म्हणाला. "तीस वर्षांची आहे. लाजते माझ्यापुढे."

नणंद हसली, तीही हसली. तो मात्र हसला नाही. नणंद गेल्यावर बराच वेळ तो रोपांकडे बघत राहिला आणि मग, अगदी सरळ आवाजात, म्हणाला, "एक विचारू? रागवू नकोस. कधी आली होती का गं खरंच?"

"म्हणजे?"

"नाही, मी म्हणतो, मी तिकडे भोकात. तू इकडे एकटी. तुला वाटलं असेल, बिचाऱ्याला काहीतरी चांगलं सांगावं. सांगितलं असशील. मला चाललं असतं."

ती भांडी घासत होती. तिने तोच तवा तीनदा घासला. थट्टेत हजारदा थापा म्हणाला होता तो, तिचं काही बिघडलं नव्हतं. पण हे थट्टेत नव्हतं. तीस वर्षं तिने फोनवर घसा ताणून सांगितलेले रंग या माणसाने आता दयेचे म्हणून मोडीत काढले होते. वर तिला माफही करून टाकलं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी टाकीतला गाळ काढायला ती मागे वाकली, तर फुटक्या कुंडीतलं ते मरतुकडं रोप उभं. वीतभर उंच, तीन पानं किडलेली, आणि डोक्यावर एक फूल. विटेसारखं तांबडं.

ती कुंडी छातीशी धरून पळत आत गेली. "बघा! बघा आता! ही बघा!"

त्याने कुंडी मांडीवर घेतली. बोटाने पाकळ्या चाचपल्या. मग तिच्याकडे वर बघून इतकं गोड हसला, की तिला त्याला मारावंसं वाटलं.

"छान आहे," म्हणाला. "नर्सरीतून आणलंस ना? एवढी पायपीट कशाला केलीस माझ्यासाठी."

झालं. बाई तशीच उठली, पायात चपला सरकवल्या आणि नर्सरी गाठली. नर्सरीवाला रोपांना पाणी मारत होता. तिने सगळं घडाघडा सांगितलं. माती, खत, पाणी, टाकीमागचं भुकेलं पोर फुललं आणि दूधतूप खाऊन वाढलेली तेवीस रुसली.

त्याने नळी खाली ठेवली. "तिथे दिवा असतो का हो?"

"कुठे?"

"अंगणात. रात्रीचा."

"असतो. आमच्या यांना लागतो. रात्रभर."

"मग कसल्या कळ्या येतायत! काकू, शेवंतीला लांब रात्र लागते. सलग काळोख. तो मिळाला की तिला कळतं, दिवस फिरले, आता फुलायचं. तुमच्या रोपांना वाटतंय अजून उन्हाळाच आहे. टाकीमागे सावली पडली असेल, म्हणून ते एक फुललं."

ती तिथेच एका पालथ्या कुंडीवर बसली. तो घरी नसायचा, तेव्हा दिवा नसायचा, तेव्हा फुलं यायची. या वर्षी तो घरी होता.

"दिवा आज बंद केला तर?" तिने विचारलं.

"सहा आठवडे. सात धरा. कळीने रंग दाखवेपर्यंत रोजचा काळोख चुकवायचा नाही. आणि रोपं हलवू नका, आता हलवलीत तर खलास."

त्या संध्याकाळी तिने करून बघितलं. दिवेलागणीला मागचा दिवा लावला नाही, आतले सगळे लावले आणि म्हणाली, बल्ब गेलाय, उद्या आणते. तो म्हणाला, बरं. दहा मिनिटं धीराने बसला. मग त्याने पलंगाची कड धरली, तोंड उघडलं, आणि श्वास असा ओढायला लागला की गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. ओठ निळे पडले. ती धावत जाऊन खटका दाबून आली. "लागला, लागला, बघा, लागला." भिंतीवरचा उजेड दिसला तसा हळूहळू तो माणसात आला. दिव्याला पत्र्याची टोपी लावून बघितली तर आतून दिवा दिसेना. दुसरीकडे कुठे लावायचा, तर अंगण ते केवढं!

मग तिला आपला धंदा आठवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य भिंतीआड जायच्या आत तिने पुढच्या खोलीतल्या छत्र्या उतरवल्या. विसरलेल्या, पडून राहिलेल्या, दुरुस्त होऊन मालकाची वाट बघणाऱ्यासुद्धा. एकेका रोपावर एकेक छत्री. दांडा जमिनीत रोवायचा, काठाला जुन्या काळ्या कापडाची झालर लावून ती मातीपर्यंत सोडायची, वर दगड ठेवायचा. तेवीस छत्र्या. थोरल्या जावेनेसुद्धा पहिल्या खटक्यात तोंड उघडलं. सकाळी परत सगळ्या मिटायच्या. एकेक वाकून उघडायची, एकेक वाकून मिटायची. दिवसभर मशीनवर बसणारी कंबर ती, आठ दिवसांत तिने नांगी टाकली. पण बाई काही थांबली नाही.

बाग म्हणजे दिवेलागणीला कावळ्यांची सभा दिसायची. जिने आयुष्यभर काळ्याला कंटाळून रंग लावला, तिने स्वतःच्या हाताने सगळ्या अंगणाला काळं फासलं.

"हे काय चालवलंयस?" त्याने विचारलं.

"दंव पडतं हो. कळ्या जळतात दंवाने."

"कळ्या कुठायत?"

"येतील ना आता."

"दरवर्षी झाकायचीस?"

"दरवर्षी," ती म्हणाली.

दिवसेंदिवस त्याला खुर्चीत बसवेना, मग पलंगावरूनच बघायचा. ती छत्र्या उघडायला लागली की त्याची नजर तिच्यामागे फिरायची. बोगद्यात काम केलेला माणूस, सावली कुठून पडते आणि उजेड कुठून येतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

पंधराएक दिवसांनी ती कमरेवर हात ठेवून आत आली तेव्हा तो म्हणाला, "दिव्यामुळे ना?"

"कसला दिवा?"

"माझ्या दिव्यामुळे येत नाहीत फुलं. टाकीमागचं आलं. सावलीतलं."

"काहीतरीच. दंव..."

"दंव छत्रीच्या वरून पडतं. तू झालर खाली मातीपर्यंत सोडतेस. दंवाला कोण झालर लावतं?" खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत थांबला. मग हसला. या खेपेला खरं हसला. "तुला थाप मारता येत नाही गं. अजिबात येत नाही. एक साधं दंव जमेना तुला."

तिने कमरेवरचा हात काढून त्याचं पांघरूण सारखं केलं.

"म्हणजे तीस वर्षं खरंच सांगत होतीस," तो म्हणाला. "विटेसारखी तांबडी."

"तेच तर ओरडत होते फोनवर!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या भिंतीपलीकडे भांडं पडलं.

"मग बंद कर दिवा. दीड दिवस काढलाय मी. सहा आठवडे काय."

"गप्प पडा."

"अगं..."

"गप्प पडा म्हटलं ना. छत्र्या माझ्या, अंगण माझं. तुम्ही फक्त पडून राहा, तेवढं एक काम दिलंय तुम्हाला. तेवढं करा."

त्याने तेवढं केलं. आणखी तीनएक आठवडे केलं. नणंद येऊन बसायला लागली, आणि एकदा न बोलता अर्ध्या छत्र्या तिने उघडल्या, हेही नोंदवायला हवं, कारण असं क्वचितच घडतं. छत्र्या लावल्यापासून चौथ्या आठवड्यात कळ्या धरल्या. मिऱ्याएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या. ती शेंडा खुडून त्याच्या तळहातावर ठेवायची. त्याला आता डोळे फार वेळ उघडे ठेवता येत नव्हते, तो अंगठ्याने कळी दाबून बघायचा.

"कुठली ही?"

"पांढरी. कडेची."

"आणि तांबडी?"

"ती सगळ्यांत शेवटी. नखरे आहेत तिचे."

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी ती दिवेलागणीला छत्र्या उघडत होती. तेरावी उघडून चौदावीला हात घातला तेव्हा आतून नणंदेने हाक मारली, "वहिनी!" नुसतं तेवढंच. ती गेली. तो दाराकडे तोंड करून पडला होता. अंगणाच्या टोकाला दिवा लागलेला होता. दहा रोपं उघडीच राहिली त्या दिवशी.

लोक आले, गेले. पाचव्या दिवशी पिवळ्या कळ्यांना चीर पडून आतला रंग दिसला. नर्सरीवाल्याच्या हिशोबाने आता झाकायची गरज उरली नव्हती. ती तरी दिवेलागणीला दिवा लावायची आणि मग त्या दिव्यापासून झाकायला तेवीस छत्र्या उघडायची. नणंद म्हणाली, "वहिनी, आता दिवा कशाला?" तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. पिवळी फुलली, पांढरी फुलली, जांभळी आली, सगळ्यांत शेवटी तांबडी, आणि दिवसभर त्या अंगणात असा काही रंग पेटायचा की शेजारीण भिंतीवरून डोकावून गप्प व्हायची. ती स्वतः मात्र पुढच्या खोलीत दाराकडे पाठ करून मशीन चालवायची.

मग एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि शाळेतले मास्तर दारात उभे राहिले. "माझी छत्री झाली का हो? पावसाळ्यात टाकली होती. वाकडी मूठ."

झाली होती. तांबडीच्या मधल्या रोपावर उघडून, दगडाखाली उभी होती. तिने दगड काढला, झालर सोडवली, दांडा पुसला, छत्री आणून दिली.

मास्तरांनी उघडून बघितली. "आत हे पिवळे डाग कसले?"

"फुलांच्या परागांचे."

"धुतले तर जातील?"

"घासू नका," ती म्हणाली. "वाळू द्या आणि झटका."

मास्तर गेले. ती मागे आली. बावीस छत्र्या, एक रोप उघडं, त्याच्यावर दिव्याचा पांढरा झोत. पुढे जाऊन दुसरी छत्री आणावी, खिळ्यावर आणखी दोन होत्या. ती दारातच उभी राहिली. पलंगावरून दिसायचं तेवढंच तिथून दिसत होतं. लांबचा दिवा, आणि त्याच्याखाली विटेसारखं तांबडं एक झाड.

पावसाचे थेंब छत्र्यांवर टपटपायला लागले. तिने खटक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि दिवा बंद केला. मग अंधारात चाचपडत, पहिल्यापासून, एकेक छत्री मिटायला लागली. सकाळी शिडी लागणार होती. दिव्याचा कागद कुठल्या फळीवर ठेवलाय, हे ती आठवत होती.